शोकाचे वय : बालवियोगाचे मानसशास्त्र आणि आपली समीक्षा

१

मराठी साहित्यातील बालव्यक्तिरेखांवर विद्यापीठांतून सादर होणाऱ्या प्रबंधांत ‘मानसशास्त्रीय अभ्यास’ हे प्रकरण आता जवळजवळ अपरिहार्य झाले आहे. त्यात फ्रॉइड, पियाजे, एरिक्सन यांचा परिचय असतो, विकासाच्या अवस्थांचे तक्ते असतात. पुढच्या प्रकरणात प्रत्यक्ष साहित्यकृतीकडे वळताच मात्र या तक्त्यांचा मागमूसही उरत नाही. सिद्धांत आणि संहिता शेजारी शेजारी राहतात, परंतु एकमेकांशी बोलत नाहीत.

बालपणी घडलेल्या वियोगाचे चित्रण करणाऱ्या कृतींच्या बाबतीत या पद्धतीने होणारे नुकसान अधिक गंभीर आहे. अशा कृतींसाठी आपल्या समीक्षेजवळ दोन शिक्के तयार आहेत. शोक उघडपणे व्यक्त झाला असेल तर ‘भावविवशता’ आणि तो आठवणींच्या तपशिलांत विरघळला असेल तर ‘स्मरणरंजन’. साने गुरुजींच्या वाट्याला पहिला शिक्का आला, तर प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथांना पुष्कळदा दुसरा लावला जातो. हे दोन्ही शिक्के एका गृहीतावर उभे आहेत. शोक ही एका काळात सुरू होऊन संपणारी घटना आहे, ती संपल्यानंतरही कोणी तिच्याकडे परतत असेल तर त्याचे कारण दुबळेपणा किंवा गतकाळाचे रंजन एवढेच असू शकते, असे ते गृहीत होय.

बालविकासाच्या अभ्यासकांनी गेल्या शंभर वर्षांत जे शोधले, ते या गृहीताच्या विरुद्ध जाणारे आहे. मुलाचा शोक मुलाबरोबर वाढतो. तो प्रत्येक वयात नव्याने समजून घ्यावा लागतो. म्हणून ‘या पात्राचा शोक कोणत्या अवस्थेत आहे’ या प्रश्नाआधी ‘या शोकाचे वय काय’ हा प्रश्न समीक्षकाने विचारला पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

या विचाराचा प्रवास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या प्रबंधांतून त्याचा पहिलाच टप्पा पुनःपुन्हा उद्धृत होतो.

फ्रॉइडचा शोक आणि विषण्णता यांवरील निबंध १९१७ साली प्रसिद्ध झाला. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली मानसिक ऊर्जा हळूहळू, एकेका आठवणीगणिक सोडवून घेणे आणि अखेर ती अन्यत्र गुंतवण्यास मोकळी होणे, हे त्याच्या मते शोकाचे कार्य. हा सिद्धांत प्रौढ माणसाचा आहे. गेलेली व्यक्ती परत येणार नाही हे ज्याला कळले आहे, त्यालाच हे कार्य करता येईल. लहान मुलाचे काय, हा प्रश्न त्या निबंधात नाही.

हा प्रश्न फ्रॉइडसमोर आला तो त्याच्या स्वतःच्या घरात. दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगाच्या पडद्याआड फेकून ‘गेले’ अशा अर्थाचा उद्गार काढी आणि ते ओढून घेताना ‘हे आले’ असे म्हणे. १९२० च्या ग्रंथात फ्रॉइडने या खेळाचा अर्थ लावला. आईचे जाणे ज्याच्या हाती नव्हते, ते मूल खेळात ते जाणे आपल्या हाती घेत होते. या निरीक्षणाला एक तळटीप आहे. पावणेसहा वर्षांचा असताना त्या मुलाची आई वारली आणि त्याच्या ठायी शोकाची चिन्हे दिसली नाहीत, असे तीत नमूद केले आहे. ही आई म्हणजे फ्रॉइडची मुलगी सोफी. ती १९२० च्या जानेवारीत इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. आईच्या तात्पुरत्या जाण्याचा खेळ करणारे मूल तिच्या कायमच्या जाण्यासमोर गप्प का झाले, हा प्रश्न त्या तळटिपेतून पुढच्या संशोधकांच्या वाट्याला आला.

त्याला दोन दिशांनी उत्तरे मिळाली. पहिली दिशा आकलनाची. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टमधील ३ ते १० वर्षे वयाच्या ३७८ मुलांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हे एक प्रकारचे दूर जाणे किंवा झोपणे वाटते. त्यापुढच्या वयात अनेक मुले मृत्यूला एखाद्या व्यक्तीचे रूप देतात. मृत्यू अटळ आहे ही जाणीव साधारण नवव्या वर्षाच्या सुमारास स्थिरावते. नंतरच्या संशोधकांनी या वयोमर्यादांत दुरुस्त्या केल्या. मृत व्यक्ती परत येत नाही, तिच्या शरीराचे व्यापार थांबतात आणि मृत्यू सर्वांनाच येतो, या तीन गोष्टी मुलाला वेगवेगळ्या उमजत जातात, हे त्यांनी दाखवले. मराठी घरांतून मुलांना ‘आई देवाघरी गेली’, ‘बाबा गावाला गेले’, ‘आजी चांदणी झाली’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही रूपके असतात. ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती माहिती असते. गावाला गेलेला माणूस परततो, हे त्याला ठाऊक असते आणि म्हणून ते वाट पाहते.

दुसरी दिशा अनुबंधाची. जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात आईवडिलांविना ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले. रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीवर केलेला लघुपट १९५२ चा. अशी मुले आधी आकांत करतात, मग हताश होतात आणि शेवटी अलिप्त होतात. ही अलिप्तता पाहून ‘मूल रुळले’ असे परिचारिकांना वाटे. वस्तुतः ती वियोगाची सर्वांत खोल पायरी होती. १९६९, १९७३ आणि १९८० अशा तीन खंडांतून बोल्बींनी हा विचार विस्ताराने मांडला. लहान मूलही शोक करते, हा त्यांचा आग्रह. ॲना फ्रॉइड आणि त्यांच्या परंपरेतील अभ्यासकांनी त्याला आक्षेप घेतला. मार्था वुल्फेन्स्टाईन यांनी तर १९६६ मध्ये असे मांडले, की पौगंडावस्थेत आईवडिलांपासून मनाने सुटे होण्याची तालीम झाल्याशिवाय पूर्ण शोक शक्यच होत नाही. तोवर मूल वियोग नाकारून मनात जपून ठेवते.

हा वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही. परंतु दोन्ही पक्षांतून एक गोष्ट निष्पन्न होते. मुलाचे गप्प राहणे म्हणजे शोकाचा अभाव नव्हे आणि मुलाने नंतर कधीतरी परतून शोक करणे ही विकृती नव्हे.

तिसरा टप्पा आपल्या लेखनात अगदीच कमी आढळतो. अमेरिकेत विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा अभ्यास केला. ही मुले गेलेल्या पालकाला मनात कुठेतरी स्थान देतात, त्याच्याशी बोलतात, त्याची एखादी वस्तू जवळ बाळगतात आणि वय वाढेल तसे या नात्याचे रूप बदलत जाते, असे त्यांना आढळले. १९९६ मध्ये डेनिस क्लास, सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने ‘चालू राहणारे बंध’ ही संकल्पना पुढे आणली. शोकाचा शेवट नाते तोडण्यात होत नाही, ते नव्या रूपात पुढे नेण्यात होतो, असा तिचा आशय. खुद्द फ्रॉइडच्या आयुष्यानेही याची साक्ष दिली होती. सोफी जगती तर ज्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती, त्या सुमारास १९२९ मध्ये त्याने स्नेही बिन्स्वांगर याला लिहिलेल्या पत्रात कबूल केले, की अशी जागा कशानेही भरून निघत नाही आणि तसेच असणे योग्य आहे. निबंधातील सिद्धांतापेक्षा पत्रातील बाप अधिक अचूक होता.

३

आता संहितांकडे वळू.

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यांच्या आईचा मृत्यू १९१७ चा. तेव्हा ते अठराव्या वर्षात होते, लिहिताना चौतिसाव्या. म्हणजे हा मृत्यू बालपणीचा नव्हे, तो पौगंडावस्थेच्या अखेरीचा आहे. वुल्फेन्स्टाईन यांची अट येथे जवळजवळ पूर्ण झालेली आहे आणि तरीही सोळा वर्षांनी बेचाळीस रात्रींचे कथन आवश्यक ठरले. याचे एक कारण कथेतच आहे. आईच्या अखेरच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नव्हता. निरोप राहून गेला. कथनाची रचना त्या राहिलेल्या निरोपाभोवती उभी आहे. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, श्रोते जमतात, वाट पाहतात, कधी रडतात. एकट्याने न झालेले कार्य येथे समूहासमोर, ठरावीक वेळी, ठरावीक क्रमाने होते. शेवटच्या रात्रीचे शीर्षक ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ असे आहे. लेखकाने स्वतःच आपल्या कृतीचा प्रकार सांगून ठेवलेला असताना आपण मात्र तिला केवळ संस्कारकथा म्हणून वाचतो किंवा भावविवश म्हणून बाजूला ठेवतो. श्राद्धात अश्रू येतात यात दोष काय? तेथील अश्रूंना विधीचा आकार आहे किंवा नाही, एवढेच समीक्षकाने पाहावयाचे. माझ्या मते तो आकार येथे आहे आणि या पुस्तकाचे वाङ्मयीन मूल्य त्या आकारात शोधले पाहिजे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे एकाच मृत्यूचे दोन शोक मराठी साहित्यात उपलब्ध आहेत. ना. मा. संत १९४६ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी इंदिरा संत यांचा ‘शेला’ १९५१ मध्ये आला, त्यानंतर ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’. प्रौढ स्त्रीचा हा शोक. जाणे अंतिम आहे हे तिला पहिल्या क्षणापासून कळलेले आहे आणि कवितेत त्या कळण्याशी झुंज आहे. त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत यांचा जन्म १९३७ चा, म्हणजे वडील गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. ते आजोळी दत्तक गेले होते. पुढे भूशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि लंपनच्या कथांचे पहिले पुस्तक ‘वनवास’ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, वडिलांच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी. त्यामागून ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००२).

लंपन हा प्रकाश नारायण संतच होय असे मानण्याची चूक करू नये. परंतु आईचा शोक पाच वर्षांत पुस्तकरूप घेतो आणि मुलाच्या लेखनाला जवळजवळ अर्धे शतक लागते, हा फरक केवळ दोन प्रतिभांचा म्हणून सोडून देता येणार नाही. लंपनच्या कथांत पहिला वियोग मृत्यूचा नाहीच. आईवडील आणि भावंडे एका गावी, लंपन आजी-आजोबांकडे दुसऱ्या गावी, हा तो वियोग. त्याला सारे आहे. माया करणारी आजी आहे, शाळा आहे, मित्र आहेत. तरीही पुस्तकाचे नाव ‘वनवास’ आहे. बेळगावकडच्या कानडी हेलाच्या मराठीत तो बोलतो, आणि त्याला जे बोलता येत नाही ते वस्तूंवर, आवाजांवर, वासांवर जाऊन बसते. तपशिलांची ही दाटी स्मरणरंजनातून आलेली नाही. त्या वयाच्या मुलाला वियोगासाठी अमूर्त शब्द उपलब्ध नसतात. त्याचे मन मूर्तातच विचार करते, हे पियाजेपासून आपण शिकवत आलो आहोत. फ्रॉइडच्या नातवाजवळ रीळ होते, लंपनजवळ त्याच्या गावातल्या साऱ्या वस्तू आहेत.

येथे कथनाची एक बारीक युक्तीही लक्षात घ्यावी लागते. ‘श्यामची आई’मध्ये कथनाचे वय उघड आहे, प्रौढ श्याम समोर बसून बोलतो. लंपनच्या कथांत ते झाकलेले आहे. बोलतो तो मुलगा, पण त्याच्यामागे पन्नाशी ओलांडलेला लेखक आहे आणि मुलाला न कळलेले वाचकाला कळेल याची व्यवस्था तो करतो. मुलाचे न कळणे आणि वाचकाचे कळणे यांमधील अंतर हीच त्या शोकाची जागा. स्मरणरंजनात असे अंतर नसते, तेथे भूतकाळ वाचकाला आणि निवेदकाला सारखाच गोड लागतो.

तिसरे उदाहरण समीक्षेच्या दुर्लक्षाचे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आली. तिचे वाचन आपण वैधव्य, केशवपन आणि समाजसुधारणा या अक्षावर करतो आणि ते योग्यच आहे. परंतु यमूला आईही अंतरते आणि माहेरी सावत्र आई येते. वैधव्याच्या आघातासमोर हा पहिला आघात आपल्या चर्चेत झाकला जातो. कोवळ्या वयात विवाह झालेल्या मुलीला आईच्या मृत्यूबरोबर परतण्याचे घरही गमवावे लागते. म्हणजे एका मृत्यूत दोन वियोग सामावलेले असतात. यमूच्या पुढील असहायतेचे मूळ केवळ रूढीत न शोधता या आधीच्या निराधारपणातही शोधले, तर कादंबरीची सामाजिक धार बोथट होणार नाही. उलट रूढी कोणाला गाठते, हे अधिक स्पष्ट होईल.

४

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला असा, की ही सारी पाश्चात्त्य शास्त्रे आहेत आणि आपल्या कुटुंबव्यवस्थेला ती लागू पडत नाहीत. यात तथ्य आहे. बोल्बींचा भर एका मुख्य व्यक्तीशी असलेल्या अनुबंधावर होता, तर मराठी घरात आजी, काकू, आत्या, थोरली बहीण अशी अनेक माणसे मुलाला सांभाळत आली. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ग्रंथात भारतीय बालपणाचे वेगळेपण मांडलेच आहे. परंतु या आक्षेपाचा शेवट पुष्कळदा आत्मगौरवात होतो. ‘चालू राहणारे बंध’ त्यांना १९९६ मध्ये सापडले, आमच्याकडे पितृपक्ष पूर्वापार आहे, असे म्हटले जाते. पितृपक्ष आहे हे खरे. मृतांना दरवर्षी नावाने बोलावण्याची, नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीतही आहे. मात्र हे विधी मुख्यतः मुलग्याच्या हातून होतात, मुलगी बाजूला उभी असते. लहान मुलाला अंत्ययात्रेच्या वेळी शेजारच्या घरी पाठवले जाते, आणि थोरला मुलगा असेल तर त्याच लहान वयात त्याच्या हाती मडके दिले जाते. एकाला काहीच सांगितले जात नाही आणि दुसऱ्यावर सारे लादले जाते. दोन्ही ठिकाणी मुलाच्या वयाचा विचार नाही. परंपरेत बंध चालू ठेवण्याची सोय आहे, ती मुलासाठी केलेली नाही. ही उणीव आपल्या साहित्याने कोठे भरून काढली, हा संशोधनाचा विषय व्हावा.

शिवाय वियोग नेहमी मृत्यूनेच होतो असे नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मधील बाप जिवंत आहे, पण तो मुलाला आपले नाव देत नाही. जिवंत माणसाचा वियोग हा संदिग्ध असल्यामुळे त्याला ना सुतक असते ना श्राद्ध. पॉलिन बॉस यांनी १९९९ मध्ये ‘संदिग्ध वियोग’ या नावाने याच प्रकाराचा विचार मांडला. तेथे मात्र जातीने निर्माण केलेल्या पितृहीनतेचा विचार नाही. या ठिकाणी मराठी संहितेने सिद्धांताला काही शिकवावे, अशी स्थिती आहे. सिद्धांत लागू करणे म्हणजे संहितेने नेहमी शिष्याच्याच जागी बसणे नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की अशा वाचनाने साहित्यकृती रोगनिदानाचा कागद होईल. हा धोका खरा आहे. ज्ञानेश्वरादी भावंडांच्या पोरकेपणाच्या परंपरागत कथेवरून ताटीच्या अभंगांतील मुक्ताबाईचे निदान करू गेल्यास ते हास्यास्पद ठरेल. त्या कथेचे पुरावे चरित्रपरंपरेचे आहेत, मानसशास्त्राच्या नोंदीचे नव्हेत. परंतु दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला धाकटी बहीण समजावते, ही रचना परंपरेने का जपली, हे विचारता येते. ॲना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी १९५१ मध्ये नाझी छळछावणीतून वाचलेल्या सहा अनाथ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती मुले एकमेकांचीच पालक झाली होती. भावंडे एकमेकांना सांभाळतात ही शक्यता एकदा डोळ्यांसमोर आली, की मुक्ताबाईच्या स्वरातील वडीलधारेपण केवळ अलौकिक ज्ञानाचे चिन्ह म्हणून वाचणे पुरेसे वाटत नाही. मात्र हे विधान परंपरेच्या कल्पनाशक्तीविषयी आहे, ऐतिहासिक मुक्ताबाईविषयी नव्हे. ही मर्यादारेषा पाळली, तर निदानाचा धोका टळतो.

५

या चर्चेला वर्गाचा संदर्भ आहे आणि तो टाळणे मला योग्य वाटत नाही. २०२० आणि २०२१ मधील करोनाच्या साथीत आई किंवा वडील गमावलेली मुले आता महाविद्यालयांत येत आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील वर्गांत शेतकरी बापाच्या आत्महत्येनंतर शिकणारे विद्यार्थी त्याआधीपासून बसत आले आहेत. शोकाच्या पाच अवस्था फळ्यावर लिहून ‘शेवटी स्वीकार येतो’ असे आपण सांगतो, तेव्हा ते वाक्य त्यांच्याही कानी पडते. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या अवस्था मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींतून आल्या होत्या, मागे राहिलेल्या मुलांच्या अभ्यासातून नव्हे. हे न सांगता तो तक्ता पात्रांना लावणे ही शास्त्रीय चूक आहे. एका विद्यार्थिनीने तासानंतर मला विचारले होते, की हे सगळे संपायलाच हवे का. तिच्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात नव्हते. साहित्यात ते आहे, आपण ते तेथे वाचायला शिकवत नाही.

म्हणून या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांना चार प्रश्न सुचवावेसे वाटतात. वियोग झाला तेव्हा मुलाचे वय काय होते आणि त्या वयात मृत्यूचे कोणते आकलन शक्य होते? त्याला कोणी, कोणत्या शब्दांत, काय सांगितले? त्याच्याजवळ कोण राहिले? आणि कथनाचे वय कोणते, म्हणजे त्या वियोगापासून किती अंतरावर उभे राहून ही भाषा घडली? पहिले तीन प्रश्न मानसशास्त्राने दिलेले आहेत, चौथा साहित्याचा आहे. चारही एकत्र विचारले, तरच सिद्धांताचे प्रकरण आणि संहितेचे प्रकरण यांच्यामधली भिंत पडेल.

‘भावविवश’ आणि ‘स्मरणरंजनपर’ ही विशेषणे समीक्षेने टाकून द्यावीत असा आग्रह नाही. ती लागू पडतील अशा कृती मराठीत विपुल आहेत. एवढेच म्हणावयाचे आहे, की ती वापरण्यापूर्वी शोकाचे वय मोजलेले असावे. नवव्या वर्षी जे बोलता आले नाही ते पन्नाशीत बोलणारा लेखक मागे वळून पाहत असतो असे आपण मानतो. कदाचित त्या मुलाला ते बोलण्याइतके वय व्हायला तेवढी वर्षे लागली असतील.